आंडोर किती, आंडेर किती: खान्देशच्या नकाशाच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

कॉलेजला सुटी आहे तोवर हे काम सुरू करते. याचं बीज आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पडलं. घरी अमळनेरकडे गेले होते, दुपारी निंबाच्या झोक्याकडे बघत मामी म्हणाल्या, "आते पोरी कोठे शेतस वं?" झोक्यावर दोनच पोरी होत्या. मामींच्या मते गावात पोरीच उरल्या नाहीत. मला वाटलं, निम्म्या पोरी क्लासला, काही नाशिक-पुण्याला नोकरीला, आणि लग्नाचं वय पुढे गेल्यामुळे माहेरपणाला येणाऱ्याही कमी. झोक्यावरून लोकसंख्या मोजता येत नाही. पण त्यांचं म्हणणं खोटं आहे हेही मला ठामपणे सांगता येईना, आणि सांख्यिकी शिकवणाऱ्या बाईला ते लागलं.

तर काम असं: जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांचे तालुकावार नकाशे, १९९१, २००१ आणि २०११ च्या जनगणनेवरून. मोजायचं ते ० ते ६ वयातल्या दर हजार मुलग्यांमागे मुली किती. एकूण लोकसंख्येचं लिंग गुणोत्तर वेगळं, ते नंतर बघू.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवते, कारण मागच्या वर्षी वर्गात यावरून गोंधळ झाला होता. आपण दर हजार पुरुषांमागे स्त्रिया मोजतो. बाहेरच्या बहुतेक देशांत दर शंभर स्त्रियांमागे पुरुष मोजतात. निसर्गतः साधारण शंभर मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. आपल्या पद्धतीत ते ९५२ होतं. म्हणजे हजाराला हजार ही अपेक्षाच चुकीची. ९५०च्या आसपास असेल तर काळजी नाही, त्याच्या बरंच खाली गेलं तर विचारायला हवं.

५ जून

पीसीए, म्हणजे प्रायमरी सेन्सस ॲबस्ट्रॅक्टच्या फाइली उतरवल्या. यात गावपातळीपर्यंत एकूण लोक, पुरुष, स्त्रिया आणि ० ते ६ ची लेकरं मुलगे-मुली वेगळी दिलेली असतात. ही ० ते ६ ची सोय १९९१ पासूनचीच. त्यामागचं कारण मजेदार आहे: त्या साली साक्षरतेचं प्रमाण सात वर्षांवरच्या माणसांत काढायचं ठरलं, म्हणून सातच्या आतली लेकरं बाजूला काढावी लागली. मुलींची घट मोजायला हा रकाना कोणी बनवला नव्हता. साक्षरतेच्या हिशेबात उरलेला तुकडा आज सगळ्या चर्चेचा कणा झालाय.

त्यामुळे तालुकावार मालिका १९९१ च्या मागे नेता येत नाही, निदान याच मापाने तरी नाही. एकूण लिंग गुणोत्तराची जिल्हावार मालिका मात्र १९०१ पासून मिळते, ए-२ नावाच्या तक्त्यात, आणि तीही आजच्या हद्दींना जुळवून.

९ जून

हद्दी. अपेक्षेपेक्षा जास्त वेळ यातच जाणार.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. १९९१ च्या फाइलीत नंदुरबार हे फक्त एका तालुक्याचं नाव, आणि धुळे जिल्हा दहा तालुक्यांचा. त्यातले धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा हे चार आजचा धुळे; नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे सहा आजचा नंदुरबार. हे सोपं. कोणी १९९१ चा 'धुळे' आणि २०११ चा 'धुळे' शेजारी ठेवून घट काढली असेल, तर त्याने दोन वेगळ्या प्रदेशांची तुलना केलीय. सहा आदिवासीबहुल तालुके गेले की उरलेल्या जिल्ह्याचा आकडा आपोआप बदलतो, कोणी काही न करता.

जळगावात बोदवड आणि धरणगाव हे तालुके नंतरचे. धरणगाव मुख्यतः एरंडोलमधून निघाला. बोदवडची गावं शोधायला गावयादी घेऊन बसावं लागेल.

आणखी मागे गेलं तर पूर्व आणि पश्चिम खान्देश, १९०६ ची विभागणी. शिवाय १९६० साली पश्चिम खान्देशातली काही गावं गुजरातेत गेली. तिकडे मी जाणार नाही. मोह झाला होता.

१६ जून

काम बाजूलाच राहिलं, पण नोंद हवी: जनगणनेची अधिसूचना आज निघाली. संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो, १ मार्च २०२७ चे शून्य वाजता, २८ फेब्रुवारी संपतानाची मध्यरात्र. बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. २०२१ ची जनगणना कोविडमुळे गेली, ती आता सहा वर्षं उशिरा. म्हणजे मी ज्याला 'ताजा' म्हणून रंगवणार आहे तो नकाशा चौदा वर्षं जुना आहे. नकाशावर साल मोठ्या अक्षरांत टाकायचं.

१८ जून

आकडे आणि नकाशा जोडणे. एक विद्यार्थिनी मदतीला आली आहे, तिसऱ्या वर्षाची, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर माझ्यापेक्षा बरं चालवते.

एक्सेलने पहिला दणका दिला. २००१ च्या फाइलीत नंदुरबारचा कोड ०१, धुळ्याचा ०२, जळगावचा ०३. फाइल उघडली आणि शून्य गळून १, २, ३ झाले. २०११ मध्ये हेच जिल्हे ४९७, ४९८, ४९९. कोडवरून जोडणी करायचा बेत तिथेच संपला, आणि नावांवरून जोडायला घेतली. मग नावांची गंमत. एकच तालुका, पण एके ठिकाणी एदलाबाद, एके ठिकाणी मुक्ताईनगर. अक्राणी तालुका, पण मुख्यालय धडगाव, म्हणून लोक धडगावच म्हणतात. शिंदखेड्याची स्पेलिंगं तीन प्रकारची.

दुसरा दणका शेपफाइलचा, म्हणजे नकाशाच्या हद्दी आणि आकडे ठेवायच्या फाइलप्रकाराचा. आम्ही हौसेने रकान्यांची नावं मराठीत दिली. शेपफाइलच्या रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं. 'मुलगे' आणि 'मुली' दोन्ही अर्ध्यात कापले गेले आणि मागे उरलं ते जवळजवळ सारखंच दिसायला लागलं. जिओपॅकेज या दुसऱ्या फाइलप्रकारात सगळं हलवलं, त्रास संपला. हे कोणी आधी सांगितलं असतं तर एक दिवस वाचला असता; म्हणून इथे लिहिलं.

२४ जून

आज माझी चूक सापडली, आणि ती लाजिरवाणी आहे.

जळगावच्या पुढे मी ८२९ लिहिलं होतं, धुळ्यापुढे ८९८, नंदुरबारपुढे ९४४. तिन्ही २०११ चे. विद्यार्थिनीने पीसीएतून जळगाव पुन्हा काढलं तर ८४२ आलं. तिला वाटलं तिचंच चुकलं. चूक माझी: ८२९ हा २०११ च्या सुरुवातीला जाहीर झालेला तात्पुरता आकडा, जो मला इतका पाठ होता की मी फाइल न बघताच लिहिला. अंतिम आकडा ८४२. राज्याचंही तसंच, तात्पुरतं ८८३, अंतिम ८९४. बीडचं ८०१ चं ८०७ झालं.

तेरा अंकांचा फरक लहान नाही. माझ्यासारख्या कोणी २००१ चा अंतिम आकडा ८८० आणि २०११ चा तात्पुरता ८२९ घेतला तर जळगावची घट ५१. अंतिमला अंतिम लावला तर ३८. दोन्ही वाईटच, पण ३८ खरी आहे. वर्तमानपत्रांची कात्रणं, भाषणं, भिंतीवरच्या घोषणा यांत अजून ८२९ च फिरतोय, कारण तो आधी आला आणि जास्त धक्कादायक होता. अंतिम आकडे येतात तेव्हा बातमी शिळी झालेली असते.

आता नियम केला: प्रत्येक आकड्यापुढे फाइलीचं नाव आणि ओळ. पाठांतराला मज्जाव.

३० जून

राज्यांनी जिल्हे-तालुक्यांच्या हद्दीत काही बदल करायचे असतील तर ३१ डिसेंबरच्या आत करावेत, नंतर जनगणना होईपर्यंत हद्दी गोठणार. चला, २०२७ साठी पुन्हा जोडणी.

६ जुलै, आषाढी

घरी. अण्णा उपासाचे, मी नाही. भगर खात अण्णांशी बोलले ते सगळं उतरवते, कारण माझ्या फाइलीत यातलं काहीही नाही.

अण्णा जिल्हा परिषदेचे शिक्षक. १९८१, १९९१ आणि २००१, तिन्ही शिरगणतींत प्रगणक. १९८१ ला चोपड्याच्या बाजूला सातपुड्यातल्या पाड्यांवर, नंतर दोन्ही वेळा अमळनेर तालुक्यात. ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर, २८ च्या रात्री बेघरांची मोजणी, मग १ ते ५ मार्च पुन्हा फेरी: कोणी जन्मलं का, कोणी गेलं का. १९९१ ला हिशेब १ मार्चच्या सूर्योदयाचा होता, २००१ ला मध्यरात्रीचा झाला, हेही त्यांच्या लक्षात.

मी विचारलं, "अण्णा, मुली लिहायच्या राहून जायच्या का?"

ते म्हणाले, "लपवत नव्हतं कोणी. प्रश्न चुकायचा." मग त्यांनी समजावलं. ओट्यावर म्हातारा बसलेला, त्याला विचारलं 'पोरं किती?', तर तो म्हणणार 'दोन'. आत डोकावलं तर चार लेकरं. म्हाताऱ्याने खोटं सांगितलेलं नसायचं. पोरं म्हणजे मुलगे, असाच त्याच्या कानाला अर्थ. पुस्तकी 'मुलं'चंही तेच. अण्णांनी १९९१ पासून प्रश्नच बदलला: "आंडोर किती, आंडेर किती?" अहिराणीत मुलगा आणि मुलगी यांना एका मुळाचे दोन शब्द आहेत, एकात दुसरा दडत नाही. मग म्हातारा बोटांवर दोन्ही मोजायचा. तान्ह्या पोरींसाठी ते घरातल्या बाईलाच विचारायचे, "पाळण्यात कोण शे?"

पाड्यांवर तर अहिराणीही चालायची नाही. तिथली बोली पावरा, बरोबर पाड्यावरचा एक शिकलेला पोरगा दुभाष्या. तिथे अडचण मुलींची नव्हती, वयाची होती. कोणाचंच वय नक्की नव्हतं. 'पूर आला त्या साली झाला', 'होळीच्या आधी'. सहा की सात, हे अण्णांनी दात बघून ठरवलंय. पडलेला दुधाचा दात म्हणजे सहा-सात. त्या एका वर्षावर लेकरू माझ्या रकान्यात येतं किंवा बाहेर पडतं.

मी विचारलं, पण मुलगे-मुली दोघांचंही वय असंच अंदाजे लिहिलं जात असेल ना? म्हणजे गुणोत्तरात फार फरक पडायला नको. अण्णा म्हणाले, "शाळेत पोरगा घातलेला असायचा, त्याचं वय दाखल्यात. पोरीचं वय अंदाजे." हे बरोबर आहे, आणि मी लिहिलेल्या एकाही व्याख्यानात हे नाही.

७ जुलै

कालचंच पुढे. अण्णांचा आणखी एक मुद्दा: शिरगणती फेब्रुवारीत, तेव्हा अर्धी मजूर माणसं गावात नसतात. ऊसतोडीला गेलेल्या कोयत्यांची घरं बंद. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, बरोबर लहान लेकरं. वीस दिवस बाहेरच असतील तर ती माणसं जिथे सापडतील तिथे मोजायची, असा नियम. म्हणजे चाळीसगाव-साक्रीकडचं कुटुंब कदाचित कोल्हापूर-सांगलीच्या फडात मोजलं गेलं, कदाचित कुठेच नाही. यात आई-बाप दोघं जातात म्हणून लहान लेकरांच्या गुणोत्तराला फार धक्का नसावा. सुरतेला एकटे पुरुष जातात, त्याचा परिणाम एकूण गुणोत्तरावर होतो, मुलांवर नाही.

१२ जुलै

विद्यार्थिनीने उत्साहाने गावपातळीचा नकाशा काढून आणला. दिसायला जबरदस्त. लाल-हिरव्या ठिपक्यांची रांगोळी. एका गावात दर हजारी ६००, दोन कोसांवरच्या गावात १३५०. ती म्हणाली, "मॅडम, ही दोन गावं बघायला जायला पाहिजे."

जायला नको. गणित करू. समजा गावात ० ते ६ ची शंभर लेकरं आहेत आणि कोणीही काहीही गैर करत नाही, फक्त निसर्गाचं ९५२ चं प्रमाण आहे. तरी निव्वळ योगायोगाने त्या गावाचं गुणोत्तर साधारण ६४० ते १४१० च्या दरम्यान कुठेही पडू शकतं, शंभरातल्या पंच्याण्णव वेळा. हजार लेकरं असतील तर ८४० ते १०८०. दहा हजार असतील तर ९१५ ते ९९०. म्हणजे शंभर लेकरांच्या गावात ६५० आलं म्हणून बोट दाखवणं म्हणजे नाणं पाच वेळा उडवून ते खोटं ठरवणं. आणि ८४२? पूर्ण जिल्ह्याच्या लाखो लेकरांत ८४२ आलं, तर त्याला योगायोग म्हणायला जागाच नाही.

गावपातळीचा नकाशा रद्द. तिला वाईट वाटलं, मलाही. पण असा नकाशा एकदा कोणाच्या हातात पडला की चार गावांची नावं बदनाम होतात आणि दोन गावांचे सत्कार होतात, दोन्ही उगाच.

आणखी एक तिचं, हसण्यासारखं पण शिकण्यासारखं. खान्देशाचा एक आकडा हवा म्हणून तिने तीन जिल्ह्यांची सरासरी काढली: ८४२, ८९८, ९४४ मिळून ८९५. राज्याचा ८९४. "आपण अगदी राज्यासारखेच!" पण जळगावची लोकसंख्या ४२ लाख, धुळ्याची साडेवीस, नंदुरबारची साडेसोळा. ७९ लाखांत निम्म्याहून जास्त एकटा जळगाव. मुलगे-मुली बेरजा करून भागाकार केला तर आकडा ८८० च्या आसपास घसरतो. गुणोत्तरांची सरासरी काढायची नसते, हे पुस्तकात वाचून कोणाला पटत नाही. आज पटलं.

१९ जुलै

रंगांचे वर्ग कसे पाडायचे यावर तीन दिवस गेले, आणि ते वाया गेले असं मला वाटत नाही.

आधी सॉफ्टवेअरला सांगितलं, तूच नैसर्गिक गट पाड, प्रत्येक सालाचे वेगळे. तिन्ही नकाशे शेजारी लावले तर २००१ आणि २०११ जवळजवळ एकसारखे. पश्चिमेला हिरवं, मध्ये पिवळं, पूर्वेला लाल. काही बदललंच नाही असं वाटावं. विद्यार्थिनी म्हणाली, "म्हणजे स्थिर आहे."

स्थिर आहे ती क्रमवारी. जिल्हेच घ्या: २००१ ला नंदुरबार ९६१, धुळे ९०७, जळगाव ८८०. २०११ ला ९४४, ८९८, ८४२. पहिला पहिलाच, तिसरा तिसराच, पण तिघंही खाली आले. दरवर्षी वर्गातल्या पहिल्याला पहिला नंबर दिला तर वर्गच खाली गेलेला कळणार नाही, तसं.

म्हणून ठरावीक वर्ग, तिन्ही सालांना एकच: ९५० आणि वर, ९२५ ते ९४९, ९०० ते ९२४, ८७५ ते ८९९, ८५० ते ८७४, आणि ८५० च्या खाली. लावल्याबरोबर चित्र पालटलं. नंदुरबार सर्वांत वरच्या गटातून एक पायरी खाली, धुळेही एक पायरी, आणि जळगाव जिथे होता तिथून दोन पायऱ्या.

यातून मला न सुचलेली एक गोष्ट दिसली. धुळ्याची घट ९, नंदुरबारची १७. आपण नंदुरबारकडे नेहमी कौतुकाने बघतो. २०११ ला जिल्ह्याची ६९ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या अनुसूचित जमातींची, आणि 'आदिवासींत मुलगा-मुलगी भेद कमी' हे वाक्य तयारच असतं. ते बऱ्याच अंशी खरंही असेल. पण रंग हिरवा आहे म्हणून तिकडे लक्षच जात नाही, आणि तो हिरवा धुळ्याच्या पिवळ्यापेक्षा जास्त वेगाने विरतोय. म्हणून चौथा नकाशा काढला, नुसत्या फरकाचा. तोच मला यातला सर्वांत कामाचा वाटतो.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई, आमची खान्देशी देवी, बसली. घरात चाळीस माणसं, रोटाचं पीठ, रात्रभर गाणी. लॅपटॉप उघडला नाही.

९ ऑगस्ट

एकूण लिंग गुणोत्तराचं पान लिहायला घेतलं, कारण लोक दोन आकडे सर्रास मिसळतात.

धुळे: एकूण गुणोत्तर २००१ ला ९४४, २०११ ला ९४६. वाढलं. नंदुरबार ९७७ वरून ९७८. वाढलं. राज्य ९२२ वरून ९२९. वाढलं. त्याच दहा वर्षांत मुलांचं गुणोत्तर तिन्हीकडे खाली. राज्याचं ९१३ वरून ८९४, आणि १९९१ ला ते ९४६ होतं. एकूण आकड्यात ऐंशी वर्षांची आजीही आहे; बायकांचं आयुष्य वाढलं की तो चढतो. पुरुष गाव सोडून गेले तरी चढतो. रत्नागिरीत २०११ ला दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. तो स्त्रियांच्या मानाचा आकडा समजायचं कारण नाही, मुंबईला गेलेल्या पुरुषांचा आहे. रत्नागिरीला मुंबई तशी नंदुरबार-धुळ्याला सुरत.

जळगावात मात्र दोन्ही खाली: ९३३ चं ९२५, आणि ८८० चं ८४२. तिथे दिलाशाला आडोसाच नाही.

राज्याची लांब मालिकाही पानावर टाकली: १९०१ ला ९७८, १९५१ ला ९४१, १९७१ ला ९३०, २०११ ला ९२९. जवळजवळ सगळी घसरण १९७१ पर्यंतची. तेव्हा सोनोग्राफी नव्हती. बाळंतपणातले मृत्यू, मुलींची आबाळ, मुंबईसारख्या शहरांत बाहेरून आलेले पुरुष, सगळं त्यात आहे. एकच रेघ, कारणं दर वीस वर्षांनी वेगळी.

१७ ऑगस्ट

नकाशाखाली जन्मसालांची पट्टी घातली. हे आधीच करायला हवं होतं.

१९९१ च्या नकाशातली लेकरं मार्च १९८४ ते फेब्रुवारी १९९१ मध्ये जन्मलेली. २००१ ची १९९४ ते २००१. २०११ ची २००४ ते २०११. पट्टीवर कायदे लावले: महाराष्ट्राचा गर्भलिंग चाचणीविरोधी कायदा १९८८ चा, देशातला पहिला. केंद्राचा १९९४ ला संमत, १ जानेवारी १९९६ पासून लागू. दुरुस्ती २००३. आता बघा: जळगावचं ८८० वरून ८४२ वर येणं, ही सगळी लेकरं तिन्ही कायदे होऊन गेल्यानंतर जन्मलेली. कायदा नसताना झालेली घट असं कोणी म्हणू शकत नाही. २०१५ ला 'बेटी बचाओ' योजना आली तेव्हा पहिल्या शंभर जिल्ह्यांत जळगाव होता, यात नवल नाही.

पट्टीने आणखी एक भोक दाखवलं. दर दशकात तीन वर्षं या नकाशांत येतच नाहीत. १९९१ ते ९४ दरम्यान जन्मलेली लेकरं २००१ ला सात ते नऊ वर्षांची, म्हणजे रकान्याबाहेर. ती वयवार तक्त्यांतून काढता येतात, पण तालुक्याच्या पातळीवर नाही.

कारणांवर मी किती लिहावं? केळी, पाणी, पैसा, जमिनीची वाटणी, जवळचं शहर, शहरातलं मशीन, हे सगळं शेजारी ठेवता येतं. बागायती पूर्व भाग गडद आहे हे नकाशात दिसतं. पण नकाशातली शेजारीण म्हणजे कारण नव्हे. एका जातीचं नाव घेऊन मोकळं होणं तर त्याहून सोपं, आणि माझ्याकडच्या फाइलीत जातीचा रकानाच नाही. फक्त अनुसूचित जाती-जमाती आहेत. मी एकच वाक्य ठेवलं: जिथे सोय आधी पोचली तिथे घट आधी दिसते. तेही अनुमान आहे असं लिहून.

ता. क. २०११ च्या नकाशातली लेकरं आज चौदा ते एकवीस. माझ्या वर्गात बसतात. वर्गात मुली जास्त आहेत, कारण मुलगे आयटीआय आणि फार्मसीला गेलेत. झोक्यावरून जसं काही कळत नाही, तसं वर्गावरूनही नाही.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. आज एका सहकारी सरांचा प्रश्न: २०११ नंतरचं काय? जन्मनोंदणीचे आकडे तर दरवर्षी असतात, ते का नाही घालत?

घालणार नाही, निदान तालुक्याच्या नकाशात नाही. जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो. धरणगावच्या बाईचं बाळंतपण जळगावच्या दवाखान्यात झालं तर नोंद जळगावची. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी. सासर साक्री, माहेर पारोळा, तर पहिलं लेकरू पारोळ्याच्या खात्यात आणि दुसरं साक्रीच्या. आणि निवड सुरू होते ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, पहिली मुलगी झाल्यावर. म्हणजे माहेरची नोंद चांगली आणि सासरची वाईट दिसण्याची शक्यता तयारच. हे लक्षात न घेता तालुक्यांची तुलना केली तर आपण माहेर आणि सासर यांची तुलना करू.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रासाठी आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांचं गुणोत्तर चौथ्या फेरीत ९२४ आणि पाचव्या, २०१९-२१ च्या फेरीत ९१३ आलं. राज्यासाठी ठीक. जिल्ह्याच्या पातळीवर नमुना इतका लहान की १२ जुलैची नोंद पुन्हा वाचावी. शिवाय जन्मावेळचं प्रमाण आणि ० ते ६ चं प्रमाण ही दोन वेगळी मापं. एका रेघेत जोडायची नाहीत.

१३ सप्टेंबर

छापले. ए-थ्री, चार नकाशे एका पानावर. पहिली प्रत रंगीत सुरेख. मग पंधरा प्रती हव्या होत्या आणि रंगीत महाग, म्हणून काळी-पांढरी झेरॉक्स काढली. गडद लाल आणि गडद हिरवा, दोन्ही अगदी एकच करडे! नंदुरबार आणि जळगाव जुळे. चार महिन्यांचं काम दुकानदाराच्या मशीनने एका मिनिटात खोडलं, आणि दोष त्याचा नाही. खान्देशात कागद शेवटी झेरॉक्सवरच फिरतो, हे मी आधी धरायला हवं होतं.

आता एकच रंग, फिकट ते गडद. गुणोत्तर जितकं कमी तितका गडद. शिवाय प्रत्येक जिल्ह्यावर आकडा छापलेला. झेरॉक्सची झेरॉक्स काढून बघितली, वाचता येतं.

२१ सप्टेंबर

घरी प्रत नेली. अण्णांनी चष्मा लावून आधी शुद्धलेखन तपासलं आणि अक्राणीच्या खाली पेनाने 'धडगाव' लिहिलं. पुढच्या छपाईत घ्यायचं.

मामींनी विचारलं, "आपलं गाव कोठे शे यामा?"

गाव नाहीये, तालुका आहे, असं मी सांगितलं. गावाचं का नाही काढलं, तेही सांगायला लागले, शंभर लेकरांचं गणित. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, मग कागद बाजूला ठेवला आणि गल्लीतल्या पहिल्या घरापासून बोटांवर मोजायला लागल्या. कोणाच्या घरी काय, शाळेत गेलेलं कोणतं, पाळण्यातलं कोणतं, दोन घरी अडल्या तेव्हा आत हाक मारून विचारलं. सातच्या आतली पंधरा लेकरं भरली. आंडोर नऊ, आंडेर सहा.

पंधरावरून काहीच सांगता येत नाही. लिहून ठेवलं.